व्याह्यांच्या सुया आणि माझा डावा खांदा

नुंगंबाक्कम, चेन्नई
आषाढातला एक रविवार (इथे आडी म्हणतात, नाव बदललं तरी घाम तोच)

ती. अक्का,

तुझ्या चरणी धाकट्या बाळूचा सप्तांग नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण आठ अंगांपैकी डावा हात सध्या संपावर आहे. सात अंगांवर भागव आणि आशीर्वाद मात्र पूर्ण दे.) तुझी प्रकृती बरी असेल. मोतीबिंदू काढल्यापासून तुला समोरच्या गच्चीवरचे पापड मोजता येतात आणि तू ते मोजतेसही, असं तुझी नात तनया कळवत असते. आपल्या मिरजेत पाऊस झाला असेल. इकडे विद्युलता खुशाल आहे. तिच्या खुशालीचं निम्मं कारण माझं आजारपण आहे, कारण गेले काही महिने मला तिच्याशिवाय सदरासुद्धा घालता येत नाही, आणि हे ती येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला आनंदाने सांगते.

फोन का केला नाही असं विचारशील. फोनवर तू ‘हॅलो, हॅलो’ म्हणतेस, मी ‘हॅलो, हॅलो’ म्हणतो, आणि शेवटी तनया मधे पडून दोघंही ठीक असल्याचं जाहीर करते. त्या व्हिडिओ कॉलवर तर मला तुझ्या घरचा पंखा दिसतो आणि तुला माझ्या नाकाची एक बाजू. शिवाय हे सगळं सविस्तर सांगायचं आहे, आणि सविस्तर सांगायला कागदासारखा श्रोता नाही, मधे ‘मुद्द्याचं बोल’ म्हणत नाही.

तर मुद्दा असा की माझा डावा खांदा गोठला. डॉक्टरी भाषेत त्याला ‘फ्रोजन शोल्डर’ म्हणतात. ज्या गावात तूपसुद्धा कधी गोठताना दिसत नाही, त्या गावात माझा खांदा गोठावा हे माझं कर्तृत्व! हात कमरेच्या वर जाईना. पाठ खाजवायची तर दाराच्या चौकटीला म्हशीसारखी घासावी लागे. सकाळी विद्युलता सदऱ्याची डावी बाही माझ्या हातात चढवायची आणि ‘आता दुसरा हात, शाब्बास,’ म्हणायची. मी सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस आहे, हे ती तेवढ्या वेळापुरतं विसरायची. (नंतरही फारसं आठवायची नाही.)

आता इथे आपले व्याही येतात. शेषाद्रीराव तुला ऊर्मीच्या लग्नात दिसले होते. पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, उंच, आणि वरमाईच्या हातातला हळदीकुंकवाचा करंडासुद्धा उलटा करून तळ पाहणारे, तेच ते. ते तंजावरी मराठी. त्यांची मराठी म्हणजे आपल्या खापरपणज्याने पेटीत ठेवलेली, आणि वर तमिळ हेल चढवलेली. ‘येतों’, ‘जातों’, ‘कां म्हणून’ असं बोलतात. पहिल्या भेटीत मला वाटलं होतं की हे थट्टा करताहेत, आणि त्यांना वाटलं होतं की मी घाईत शब्द खातो. ऊर्मी आणि जावई पद्मनाभ बेंगळुरूला गेल्यावर आम्हा दोघांना एकमेकांवाचून करमेना, कारण या एवढ्या शहरात संध्याकाळी मराठीत भांडायला दुसरं कोण आहे?

नोकरीभर ते इरुंगाट्टुकोट्टैच्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीखात्यात होते. म्हणजे आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. वस्तू हातात घ्यायची, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं, ‘हें चालणार नाहीं.’ निवृत्त झाल्यावर नाही म्हणायला वस्तूच उरल्या नाहीत, तेव्हा माणूस कोमेजला. मग कुणीतरी त्यांना अॅक्युपंक्चरच्या रविवारच्या वर्गाला नेलं. तिथले मास्टर म्हणजे पांढऱ्या दाढीचे, मऊ बोलणारे, गरिबांना फुकट उपचार करणारे गृहस्थ. शेषाद्रीरावांना गुरू मिळाला आणि तोंडावर तेज आलं. शिष्यांनी आधी माणसाला हात लावायचा नाही, फळभाज्यांवर हात बसवायचा, असा नियम होता. त्यामुळे आमच्या विहीणबाई भवानीबाईंच्या सांबारात महिनोन् महिने बारीक भोकांची वांगी येत होती. (‘मसाला आंत छान मुरतो,’ असं त्या म्हणायच्या. बाई सोशीक आहेत.)

माझ्या खांद्याची बातमी त्यांना लागली आणि तासाभरात ते दारात. मी मास्टरांच्याच हातून सुया टोचून घ्याव्यात, येत्या रविवारी मोठं शिबिर आहे, जागा धरली आहे, असं त्यांचं म्हणणं. मी ‘बघू’ म्हणालो. अक्का, मुलीच्या सासऱ्याला ‘नको’ कसं म्हणतात ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

आणि माझं सुईशी काय नातं आहे ते तुला ठाऊक आहे. उरुसाच्या आधी शाळेत पटकीची सुई टोचायला माणसं यायची, आठवतं? टेबलावर स्पिरिटचा दिवा, निळी ज्योत, तो वास. आजही दवाखान्यात तो वास आला की माझ्या पोटात शाळेची घंटा वाजते. सगळ्या वर्गाची रांग आणि सुई एकच. दोन मुलांच्या मधे ज्योतीवरून फिरवायची की झाली शुद्ध. तू तुझ्या वर्गाची रांग सोडून माझ्या रांगेत आलीस, माझ्या पुढे उभी राहिलीस, मी तुझा परकर घट्ट धरला, तू बाही वर केलीस आणि टोचून घेताना माझ्याकडे बघून हसलीस. ‘मुंगी रे, नुसती मुंगी.’ त्या मुंगीने तुझा दंड भोपळ्यासारखा सुजवला. गळू झालं, आई अळशीची पोटिसं बांधायची, आणि तुला हात वर करता येईना म्हणून कितीतरी दिवस तुझ्या वेण्या मी घातल्या. एक कानाच्या वर, एक मानेच्या खाली. मैत्रिणी हसायच्या आणि तू ऐटीत सांगायचीस, ‘आमच्या बाळूनं घातल्यात.’ त्या वेण्यांना खोबरेलाचा आणि बाहेर ओट्यावर वाळत घातलेल्या चिंचेचा एकत्र वास येत असे. एवढ्या वर्षांनी मला आपल्या शाळेतला भिंतीवरचा सुविचार आठवत नाही, पण तो वास आठवतो. तेव्हा सुईमुळे काय होऊ शकतं हे कुणाला माहीत नव्हतं. डॉक्टरला नाही, मास्तरांना नाही. एका गळवावर निभावलं, ही देवाची कृपा.

असो. रविवार उगवला. एका कल्याण मंडपात शिबिर होतं. (म्हणजे लग्नाचा हॉल. मुहूर्त नसले की तिथे शिबिरं भरतात. केळीचे खुंट अजून दाराशी बांधलेले होते, त्यामुळे मला सारखं वाटत होतं की आपल्याला कुणीतरी बोहल्यावर नेणार.) आत खुर्च्यांच्या रांगा, माणसं शांत बसलेली, कुणाच्या गुडघ्यात, कुणाच्या मनगटात, कुणाच्या कपाळात केसासारख्या बारीक सुया. बारीकच असतात गं, शिवणाच्या सुईसारख्या नाहीत. शेषाद्रीराव लग्नघरच्या यजमानासारखे फिरत होते. गुरूंच्या पाया पडले, मलाही ‘हे माझे व्याही’ म्हणून पुढे केलं आणि पहिल्याच रांगेत बसवलं.

माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. मास्टर त्यांच्या खांद्यातल्या सुया एकेक करून काढू लागले. मी दुसरीकडे बघण्याचा प्रयत्न करत होतो, पण भीतीला नेमकं तिकडेच बघावंसं वाटतं. त्यांनी सुया काढल्या, स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या, ताटलीत ठेवल्या नाहीत, टाकल्या नाहीत. त्याच चिमटीत धरून ते हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे वळले. आणि त्या क्षणी, अक्का, मला दुसरं काही दिसलं नाही, तुझा दंड दिसला.

मी बोलायला तोंड उघडलं, पण आवाज आला तो माझा नव्हता. शेषाद्रीरावांनी चष्मा कपाळावर चढवला होता.

“मास्टर, ही सुई त्यांच्यांतून आत्तांच काढली.”

“पुसली ना, शेषाद्री.”

“पुसल्यानं पार्ट नवा होत नाहीं, मास्टर.”

हे सगळं तमिळमध्ये चाललं होतं, आणि फार हळू. मास्टर हसले. इतकी वर्षं करतोय, कुणाला काही झालेलं नाही, गरीब माणसांना दरवेळी नव्या सुया कुठून आणायच्या, असं म्हणाले. माणूस लबाड नव्हता, तेच अवघड होतं. त्यांचा त्यावर खराखुरा विश्वास होता. ज्यांच्या पायांवर त्यांनी तासाभरापूर्वी डोकं ठेवलं होतं, त्यांच्याकडे बघत शेषाद्रीराव म्हणाले, “काविळीचे जंतु डोळ्यांना दिसत नाहींत. झालं तें आपणांस कसं कळलं असतं? ज्यांना झालं, ते इथं परत आलेच नसतील.” मास्टरांचं हसू गेलं. विश्वास नसेल त्याने उठून जावं, असं ते म्हणाले.

“सरि, बरं तर,” म्हणाले शेषाद्रीराव. “जातों.” आणि त्यांनी मला उठवायला माझा हात धरून ओढला.

डावा!

अक्का, मी जे ओरडलो ते आपल्या मिरजेच्या स्टेशनापर्यंत ऐकू आलं नाही याचं मला आश्चर्य वाटतं. अख्खा मंडप उभा राहिला. मागच्या रांगांना वाद ऐकू गेला नव्हता, त्यांना एवढंच दिसलं की मास्टर हातात सुई घेऊन उभे आहेत आणि समोरचा माणूस जीव गेल्यासारखा किंचाळतोय. जी पळापळ झाली! कपाळात सुई असलेल्या एक बाई थेट रिक्षात जाऊन बसल्या. शेषाद्रीराव त्यांच्या मागे धावले आणि हात जोडून त्यांना परत आणलं, सुई नीट काढून घ्यायला लावली आणि मगच जाऊ दिलं. शेजारचे म्हातारे तेवढे बसून राहिले. त्यांना ऐकू कमी येत असावं. जे काम सौम्य शब्दांनी झालं नसतं ते माझ्या खांद्याने एका फटक्यात केलं, हे मी विनयाने नमूद करतो.

परत येताना मात्र हसू आलं नाही. शेषाद्रीराव आमच्याकडे आले, विद्युलतेने कॉफी दिली, तिच्यावर साय धरली तरी पेला हातातच. मग म्हणाले, “गुरु केला, आणि हाताखालचा माल तपासला नाहीं. आयुष्यभर केलं तेंच विसरलों.” दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या सुयांची न उघडलेली पाकिटं कपाटात वर टाकली. वांगी बिनभोकांची, अखंड येऊ लागली. भवानीबाईंनी विद्युलतेला फोनवर सांगितलं की सांबाराला चव आहे पण घराला नाही. संध्याकाळच्या भांडणाला ते येत, पण माझं म्हणणं मान्य करून टाकत. माणसाची ती अवस्था बघवत नाही गं.

शेवटी विद्युलतेनेच मनावर घेतलं. इथे जवळच एका दवाखान्यात डॉक्टर जननी म्हणून आहेत. रीतसर डॉक्टर, आणि त्यावर या सुयांचंही शिक्षण घेतलेल्या. तिने माझ्यासाठी वेळ घेतली आणि शेषाद्रीरावांना निरोप धाडला, ‘यांना एकटं पाठवायची भीती वाटते, तुम्ही तपासणीला या.’ तपासणी म्हटल्यावर ते आले. इस्त्रीचा सदरा घालून आले.

डॉक्टरीणबाई आमच्या ऊर्मीएवढ्या. आधी हात स्वच्छ धुतले, मग प्रश्न. रक्त पातळ करायची गोळी घेता का? घेतो, असं मी सांगितलं. चांगलं केलंत सांगितलंत, म्हणाल्या, कमीच सुया घालू आणि काढल्यावर दाबून धरू. मग विचारलं, “साप्टिंगळा?” म्हणजे जेवलात का. आता तू चेन्नईत राहिलेली नाहीस, म्हणून सांगतो. इथे ‘साप्टिंगळा’ हा प्रश्न नाही, तो नमस्कार आहे. रामराम म्हटल्यावर कुणी राम कुठे आहे ते शोधत नाही. मी या गावात उभी हयात काढली, तोंडून आपोआप ‘साप्टाच्चु’ (जेवलो) गेलं. खरं पाहता भीतीने सकाळचा उपमा घशाखाली उतरला नव्हता आणि तो मी विद्युलतेची पाठ वळताच खिडकीतल्या कावळ्यांना दिला होता. (तिने नुकतंच कावळ्यांना विचारलं असावं, कारण तिला सगळं कळलं आहे.)

बाईंनी बंद पाकीट माझ्यासमोर धरलं. शेषाद्रीरावांनी ते मागून घेतलं, चष्मा कपाळावर, तारीख वाचली, कडा तपासल्या, शिवण उजेडात धरली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकलं, “हें चालेल.” बाई हसल्या नाहीत. वापरलेली सुई कुठे जाते तेही त्यांनी दाखवलं. जाड पांढऱ्या प्लॅस्टिकचा डबा, आत गेलेलं बाहेर येत नाही. खांद्याजवळ खाली फुप्फुस असतं म्हणून तिथे सुई उथळ आणि तिरकी घालायची, अंदाजाने खोल जायचं नाही, हेही सांगितलं. शेषाद्रीराव विद्यार्थ्यासारखी मान हलवत होते. मी मात्र शौर्याने पडून राहिलो. सुई खांद्याशी आली, मी दात आवळले, आणि मग दिवा लांब लांब जाऊ लागला.

शुद्धीवर येताना काय झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. डोळे मिटलेलेच होते, पाय कुणीतरी उशीवर उंच धरले होते, आणि कानाशी कुणीतरी म्हणत होतं, “कां म्हणून उपाशी आलांत? उठूं नका. आधीं पाणी घ्या.” अक्का, ‘कां म्हणून’ असं आपले अप्पा म्हणायचे. ‘कां म्हणून भिजत आलास’, ‘कां म्हणून ताटांत टाकलंस’. त्यांच्या मागे तो शब्द मी कुणाच्याही तोंडून असा, रागावून आणि तरी मायेने, ऐकला नव्हता. क्षणभर मी मिरजेत होतो, तापातून उठत होतो आणि बाहेर तंतुवाद्यांच्या दुकानात कुणीतरी तार जुळवत होतं. मग डोळे उघडले तर समोर शेषाद्रीराव, कपाळावर चष्मा, हातात साखरेचं पाणी, आणि चेहरा माझ्यापेक्षा पांढरा. मला रडू आलं. बाईंना वाटलं दुखतंय. “वलिक्कुदा?” विचारत राहिल्या. मी नुसताच ‘इल्ले, इल्ले’ म्हणत राहिलो. कुठे दुखतं ते सांगण्याइतकी तमिळ मला येत नाही, आणि मराठीतही ते सांगता आलं असतं असं नाही.

पुढच्या खेपांना पोटभर इडल्या खाऊन गेलो. सुया टोचून घेतल्या आणि मुंगीएवढंही दुखलं नाही, हे सांगायला मला तुझ्यापुढे लाज वाटते. वेदना पुष्कळ कमी झाली. मात्र बाईंनी स्पष्ट सांगितलं की नुसत्या सुयांनी खांदा सुटत नाही, भिंतीवरून बोटं रोज वर चढवायची. मी चढवतो. आता बोटं कॅलेंडरातल्या लक्ष्मीच्या पायांपर्यंत पोचतात. शेषाद्रीरावांनी बाईंना विचारलं होतं की मी शिकू का. त्या म्हणाल्या, सुई नको, पण ज्यांना भीती वाटते त्यांच्याजवळ बसाल का? तेव्हापासून ते शनिवारी दवाखान्याच्या बाकावर बसतात. आलेल्या प्रत्येकाला विचारतात, खरं सांगा, काय खाल्लं, कधी खाल्लं, पदार्थाचं नाव सांगा. कुणाची नुसत्या ‘साप्टाच्चु’वर सुटका नाही. संध्याकाळी आमच्याकडे येतात आणि पुन्हा कडकडून भांडतात. परवा तर माझ्या भिंतीवरच्या बोटांची चालसुद्धा त्यांनी नापास केली.

एकूण सगळं ठीक आहे. काळजी नसावी. पापड मोजून झाले की उत्तर पाठव. आशीर्वादासाठी उत्सुक,

तुझा,
बाळू

ता. क. विद्युलतेने पत्र वाचलं आणि खालील दुरुस्ती केल्याशिवाय पाकीट चिकटवू देत नाही. मी बेशुद्ध पडलो तेव्हा सुई खांद्याशी आली नव्हती. ती पाकिटातच होती. बाईंनी कागद फाडला, त्याचा ‘टर्र’ असा आवाज झाला, आणि मी गेलो. दात आवळण्याचा मजकूर तिच्या मते वाङ्मयीन आहे.

ता. क. २. आता ज्याच्यासाठी हे एवढं लिहिलं ते. दवाखान्यातून परतताना शेषाद्रीरावांनी मला विचारलं की तुमच्या अक्का ज्या गावांत राहतात तिथं रस्त्यावर सुद्धां मराठी बोलतात का. मी म्हणालो, भाजीवालेसुद्धा. त्यांच्या घराण्यातून कित्येक पिढ्यांत कुणी तिकडे गेलेलं नाही, ऊर्मीचं लग्नही इथेच झालं. आपली भाषा गर्दीत कशी वाजते ते त्यांनी जन्मात ऐकलेलं नाही. दसऱ्याच्या सुमारास त्यांना आणि भवानीबाईंना घेऊन तुझ्याकडे येऊ का? ते तुझ्या घरच्या सगळ्या भांड्यांचे तळ बघतील, बघू दे. बोलतील त्याला तनयाने हसू नये एवढं तिला आधीच सांग. आणि एक कर. इथे जन्म काढूनही लोक त्यांना विचारतात, तुम्ही कुठले. तू ते विचारू नकोस. तू दारात ये आणि, लांबच्या गावाहून आपलं माणूस परत आलं की म्हणतेस ना, तसं नुसतं म्हण, ‘आलात? किती उशीर केलात.’